ताटीआड

एप्रिलच्या मध्यावर धुळ्यात रात्री अकरा वाजता भिंतीला पाठ टेकवली तरी ती तापलेली लागते. देवपुरातल्या एका खोलीत खिडकीला पत्र्याचा कुलर बसवलेला आहे. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, तळाशी पाणी, ते वर चढवणारी टीचभर मोटर आणि मधोमध खोली हलवून सोडणारा पंखा. खानदेशात मार्चपासून मृग लागेपर्यंत घरोघरी हा आवाज रात्रभर चालतो. त्याच्या मागे आणखी एक आवाज असतो, महामार्गावरच्या ट्रकांचा. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यापाशी एकमेकांना छेदून जातात, त्यामुळे या शहरात निजानीज अशी कधी होतच नाही.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा टेबलाशी बसतो, हेडफोन कानांवर चढवतो आणि बटण दाबतो. कुलर नाहीसा होतो. पाती फिरताहेत, वारा अंगावर येतो आहे, वहीचे पान फडफडते आहे. फक्त घरघर कुणीतरी उचलून नेली आहे. मग तो फोनवर पावसाचा संथ आवाज लावतो, अगदी बारीक, आणि राज्यघटनेचे पुस्तक उघडतो.

अर्ध्या तासाने दाराशी त्याची आजी येते. हातात ताकाचा पेला. "ऐकू येस का रे भाऊ?" ती अहिराणीत विचारते. मग जरा मोठ्याने विचारते. तिसऱ्यांदा ती तोंड उघडत नाही. भिंतीवरचे दिव्याचे बटण बंद करून पुन्हा चालू करते. मुलगा दचकून मान वर करतो, एक कान मोकळा करतो आणि अगदी मनापासून म्हणतो, "आजी, हाक मारायची ना!"

तो खोटे बोलत नाही. त्याच्या लेखी हाक झालीच नव्हती. पण झाली होती, दोनदा. ऐकू आले नाही म्हणजे कुणी बोलले नाही, हे त्याने कशावरून ठरवले? हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानाला फार जुना आहे, आणि त्याच्याशी झटापट करायची तर लागणारे बरेचसे साहित्य खानदेशातच मिळते: अमळनेरच्या एका संस्थेत, धुळ्याच्या तुरुंगात, आसोद्याच्या जात्यावर आणि तापीकाठच्या एका देवळात.

आधी यंत्र. कान बंद करण्याचा जुना उपाय म्हणजे कानात काहीतरी कोंबणे. कापूस, मेण, रबर. हे यंत्र निराळ्या वाटेने जाते. त्याच्या वाटीवर बारीक मायक्रोफोन असतात. ते बाहेरचा आवाज पकडतात, आतली चिप त्या लाटेची नेमकी उलटी लाट तयार करते आणि ती कानाशी वाजवते. जिथे बाहेरच्या लाटेचा उंचवटा तिथे हिचा खळगा, जिथे तिचा खळगा तिथे हिचा उंचवटा. दोन्ही भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणजे ही शांतता आवाज थांबवून आलेली नसते. त्यात आणखी एक आवाज मिसळून ती घडवलेली असते.

ही कल्पना पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाची. तिला 1936 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. पण तेवढ्या झपाट्याने उलटी लाट तयार करणारी साधने तेव्हा नव्हती. 1978 मध्ये अमर बोस झुरिकहून बोस्टनला विमानाने निघाले होते. हे अमेरिकेत प्राध्यापक, आणि त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून निसटून तिकडे गेलेले बंगालचे स्वातंत्र्यसैनिक. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या गुरगुरीपुढे संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच कागदावर आकडेमोड सुरू केली. त्यातून 1989 मध्ये वैमानिकांसाठीचे हेडफोन बाजारात आले आणि 2000 मध्ये सामान्य प्रवाशांसाठीचे. आज ते जळगावच्या फुले मार्केटसारख्या गजबजाटातल्या दुकानांतही सहज मिळतात.

यंत्राची एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. खालच्या पट्टीतला, एकसुरी, न थांबणारा आवाज त्याला उत्तम जमतो, कारण पुढच्या क्षणी तो कसा असेल हे त्याला आधीच कळते. विमानाचे इंजिन, रेल्वेचा खडखडाट, कुलर. भांडे पडले, कुणी हाक मारली, अचानक हॉर्न वाजला, तर ते मागे पडते. माणसाचा आवाज बऱ्याच अंशी कानावरच्या गादीमुळे दबतो, आणि उरलेले काम मुलाने लावलेला पाऊस करतो. आजीची हाक यंत्राने पुसली नव्हती. ती दूरची, अस्पष्ट, दुर्लक्ष करण्याजोगी झाली होती.

न्याय-वैशेषिकांनी ध्वनीचा विचार केला तेव्हा त्यांच्यासमोर असली यंत्रे नव्हती, पण तळ्यात पडलेला खडा होता. शब्द हा आकाशाचा गुण, असे त्यांनी मानले, आणि तो कानापर्यंत कसा पोचतो हे सांगताना दोन दृष्टांत दिले. एक वीचितरंगाचा: एका लाटेतून दुसरी, दुसरीतून तिसरी. दुसरा कदंबाच्या कळीचा: एकाच गोंड्यावर चोहीकडे एकदम उमलणारे केसर. आणि कान म्हणजे काय, तर कानाच्या पाळीआडच्या पोकळीत सापडलेले आकाश. बाहेर जे अफाट पसरले आहे त्याचाच आत अडकलेला एक घास. डोळ्याला पापणी आहे, जिभेला दातांचा पहारा आहे. या आकाशाच्या तुकड्याला दार नाही. झोपेतही तो उघडाच असतो. म्हणून तर हाक मारून माणूस जागा करता येतो.

हेडफोनने माणसाला प्रथमच कानाची पापणी दिली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. पापणी मिटल्यावर जे अनुभवाला येते ते काय असते?

अमळनेरमध्ये 1916 साली प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. कापडगिरणीच्या मालकाने आपल्या गावात केवळ तत्त्वचिंतनासाठी संस्था काढावी, तिथे देशभरातून विद्वान यावेत, राहावेत, वाद घालावेत, ही त्या काळातली विलक्षण गोष्ट. आज ती प्रताप तत्त्वज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाते. घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती ही नावे तिच्याशी जोडलेली आहेत. तिघांनी मिळून 'अज्ञान' या एकाच विषयावर 1933 मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्याआधी 1930 मध्ये याच संस्थेने कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ज्ञात्याच्या स्वातंत्र्यावरचा लहानसा, अवघड ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यात ते देहभानापासून पायरीपायरीने आत जातात, आणि वाटेत एका प्रश्नापाशी बराच वेळ थांबतात: एखादी वस्तू नाही, हे माणसाला कळते म्हणजे नेमके काय होते?

टेबलावर पुस्तक नाही. हे 'नाही' डोळ्यांना दिसते का? टेबल दिसते, त्याचा रंग दिसतो. अभाव कुठे दिसतो? नैयायिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थाचा दर्जा दिला आणि तो प्रत्यक्षाने कळतो असे म्हटले. कुमारिल भट्टाचे मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांना ते पटले नाही. त्यांनी अभाव कळण्यासाठी एक वेगळे प्रमाण मानले, अनुपलब्धी. वस्तू मिळत नाही, या न मिळण्यातूनच तिचे नसणे कळते.

पण त्यांनी त्याला एक अट घातली, आणि देवपुरातल्या खोलीसाठी हीच अट मोलाची आहे. वस्तू असती तर ती नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असायला हवी. उजेड आहे, डोळे उघडे आहेत, समोर मोकळी जमीन आहे आणि घडा दिसत नाही, तर घडा नाही हे ज्ञान खरे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ही अट पाळणाऱ्या अनुपलब्धीला ते योग्यानुपलब्धी म्हणतात.

हेडफोन लावलेला कान अंधाऱ्या खोलीत आहे. "कुणी हाक मारली नाही" हे विधान करण्याचा अधिकार त्याने बटण दाबताक्षणी सोडून दिलेला असतो. "मला ऐकू आले नाही" एवढेच त्याला म्हणता येते. दोन वाक्यांमधले हे अंतर केसाएवढे दिसते, पण आजी दाराशी उभी असते ती त्या अंतरात.

कुलरच्या बाबतीतही गंमत पाहण्यासारखी आहे. बटण दाबल्यावर पहिली दोन मिनिटे शांतता अक्षरशः ऐकू येते, कारण घरघर अजून आठवणीत असते आणि तिची जागा रिकामी लागते. दहा मिनिटांनी ती रिकामी जागाही विरून जाते. मग जे ऐकू येऊ लागते ते यंत्राला पुसता येत नाही: मागच्या परीक्षेत दोन गुणांनी हुकलेली यादी, वडिलांनी काढलेले कर्ज, मित्राला लागलेली नोकरी.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कासव येते. कासव जसे चारी बाजूंनी अवयव आत ओढून घेते तशी ज्याने इंद्रिये विषयांपासून आवरली त्याची बुद्धी स्थिरावली, असा त्याचा आशय. हेडफोनच्या बाजूने बोलणाऱ्याला हा श्लोक हवाहवासा वाटेल. पण लगेच पुढचा श्लोक सावध करतो. इंद्रियांना उपाशी ठेवले की विषय दूर जातात. त्यांची गोडी मात्र मागे राहते. कानाला उपास घडवण्याचे काम यंत्र चोख करते. गोडीचे आणि धास्तीचे पुढे काय करायचे, ते त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

हे दोन श्लोक धुळ्याच्या तुरुंगात सांगितले गेले तेव्हाचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. साल 1932, कायदेभंगाच्या चळवळीतले सत्याग्रही कोठड्यांत भरलेले. 21 फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार, 19 जूनपर्यंत. म्हणजे खानदेशातला अख्खा उन्हाळा. तुरुंग ही काही शांत जागा नव्हे; बेड्या, भांडी, पहारे, आरोळ्या. या सगळ्यात श्रोत्यांमध्ये बसून एक माणूस कागदावर झरझर लिहीत होता. तत्त्वज्ञान मंदिराच्या ओढीने अमळनेरला आलेले, पुढे तिथल्याच शाळेत मास्तर झालेले आणि चळवळीसाठी नोकरी सोडलेले साने गुरुजी. ध्वनिमुद्रणाचे कसलेही साधन नाही. वाक्य एकदाच उच्चारले जाणार आणि हवेत विरणार. त्यांच्या कानाने ते पकडले म्हणून 'गीताप्रवचने' आज पुस्तकरूपाने हातात आहेत आणि भारतातल्या कितीतरी भाषांत पोचली आहेत.

इंद्रिये आत ओढून घेण्यावरचे विवेचन जगाला मिळाले ते एकाने आपले एक इंद्रिय पूर्ण उघडे ठेवले म्हणून, ही गोष्ट विचार करायला लावते. गुरुजींनीही गोंगाट वगळलाच असणार. त्याशिवाय लिहिताच आले नसते. पण ती वगळणी एका आवाजाकडे कान लावल्यामुळे झाली होती. यंत्र उलट्या क्रमाने जाते: आधी सगळे वगळते, मग कुणाकडे कान द्यायचा ते माणसावर सोडते. परंपरेत श्रवण हे साधनेचे पहिले पाऊल आहे. उपनिषदात ते मनन आणि निदिध्यासनाच्या आधी येते, दासबोधातल्या नवविधा भक्तीत त्याचा पहिला मान आहे, आणि ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या दारातच श्रोत्यांकडे अवधान मागतात. गांधीजी सोमवारी मौन पाळत, तेव्हा त्यांचे तोंड बंद असे. लोक येत, आपले म्हणणे मांडत, गांधीजी ऐकून घेत आणि चिठ्ठीवर उत्तर देत.

आवाज असतानाही तो ऐकू न येणे शक्य आहे का? बौद्ध परंपरा म्हणते, आहे. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याच्या 26व्या लेण्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे सुमारे सात मीटर लांबीचे शिल्प आहे. उजव्या कुशीवर विसावलेली ती मूर्ती पाहताना बोलणारे लोकही आपोआप हळू बोलू लागतात. त्या अखेरच्या प्रवासाची हकीकत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात पुक्कुस नावाचा मल्ल भेटतो. आपले गुरू आळार कालाम ध्यानात असताना जवळून पाचशे गाड्या गेल्या, ते जागे होते, तरी त्यांना आवाज आला नाही, असे तो अभिमानाने सांगतो. तेव्हा बुद्ध आपला अनुभव सांगतात. आतुमा गावी ते एका झोपडीत होते. पाऊस कोसळत होता, विजा कडाडत होत्या, वीज पडून दोन शेतकरी भाऊ आणि चार बैल दगावले. बुद्ध जागे होते, आणि त्यांनी काही ऐकले नाही.

ही कथा बहुधा चित्ताच्या स्थैर्याची महती सांगण्यासाठी वापरली जाते, आणि तो तिचा हेतूही आहे. पण तिच्यातला एक तपशील सहज नजरेतून सुटतो. बुद्ध बाहेर येतात, लोकांचा घोळका दिसतो, आणि ते एका माणसाला विचारतात: हे लोक इथे का जमले आहेत? आपल्याला ऐकू आले नाही म्हणून काही घडलेच नसेल, असे ते गृहीत धरत नाहीत. योग्यानुपलब्धीची अट त्या एका प्रश्नात पाळली गेली आहे.

धुळ्याजवळ 'धम्म सरोवर' हे विपश्यना केंद्र आहे. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची शिबिरे तिथे होतात. आल्याआल्या फोन जमा करायचा, पुस्तके बाजूला ठेवायची, पहाटे चारच्या घंटेला उठायचे आणि दहावा दिवस उजाडेपर्यंत आर्य मौन पाळायचे. कानांवर काही चढवायला मात्र सांगत नाहीत. बाहेर मोर ओरडतो, शेजारचा साधक खोकतो, पंखा किरकिरतो. ते सगळे कानावर पडू द्यायचे, त्यावर मनात उठणारी चीड न्याहाळायची आणि पुन्हा श्वासाकडे, मग संवेदनांकडे वळायचे. आवाज तिथे शत्रू नसतो. तो अभ्यासाचा विषय असतो.

एवढे सगळे ऐकवून देवपुरातल्या मुलाला दोष द्यायचा का? मुळीच नाही. त्याला कुलर सोसून अभ्यास करायचा आहे. त्याच्यासाठी हे यंत्र चैन नव्हे. बाहेरचा कल्लोळ कमी झाला की आवाज वाढवून ऐकावे लागत नाही आणि कानातल्या नाजूक पेशी जपल्या जातात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला चाळीस तास 80 डेसिबलपर्यंतच ऐकावे असे सुचवते, ते या यंत्राने सोपे होते. स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना विचारावे. कुकरची शिट्टी किंवा मिक्सर सुरू झाला की कान दाबून कोपऱ्यात बसणारे मूल हेडफोन लावून लग्नघरात वावरू शकते, तेव्हा त्या घराला काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिला आहेत, प्लास्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत. तिथे आठ-आठ तास यंत्राशी उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या कानांना संरक्षण मिळणे ही माणुसकीची गोष्ट आहे. ऐकणे हे पुण्य असेल तर न ऐकता येणे हा हक्क आहे.

हा हक्क कायद्यानेही मानला आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही, आणि 2005 च्या निकालात म्हटले की बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचे स्वातंत्र्य येत नाही. तरीही मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि खिडक्यांच्या काचा थरथरतात. देवाच्या नावाने होणारा हा मारा अर्भकावर होतो, हृदयविकाराच्या रुग्णावर होतो, आणि त्याच देवाची माळ जपत बसलेल्या म्हाताऱ्यावरही होतो.

इथे यंत्राचा एक धोका आहे आणि तो सामाजिक आहे. ज्याला चांगला हेडफोन परवडतो त्याचा प्रश्न सुटतो, निदान बराचसा. छातीत दणकणाऱ्या ठेक्यापुढे यंत्रही अपुरे पडते, तरी दाराखिडक्या लावून तो रात्र काढू शकतो. पोलिसांत तक्रार कुणी करायची, मंडळाच्या बैठकीत उठून कुणी बोलायचे? जो बोलू शकला असता त्याला आता त्रास होत नाही. त्याच्यापुरते गाव शांत झालेले असते, आणि हळूहळू त्याला वाटू लागते की गाव खरेच शांत आहे. अंधाऱ्या खोलीतला घडा पुन्हा दिसेनासा होतो; यावेळी त्या घड्याच्या जागी शेजारचे म्हातारे जोडपे असते.

आसोदा जळगावपासून अगदी जवळ. 1880 मध्ये कवयित्री बहिणाबाई तिथे जन्मल्या, लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या, 1951 मध्ये गेल्या. अक्षरओळख नव्हती. पहाटे जात्यावर बसत, आणि ज्याला त्या घरोट म्हणत त्याच्या घरघरीवर ओव्या आपोआप ओठांत येत. ती घरघर खालच्या पट्टीतली, एकसुरी, न थांबणारी. आजचे यंत्र ज्या जातीचा आवाज सर्वांत सफाईने पुसते, नेमक्या त्याच जातीचा. बहिणाबाईंसाठी तो तंबोरा होता. यावरून जात्याचे दिवस परत यावेत असे कुणी म्हणू नये. ते कष्टाचे, लादलेले दिवस होते, आणि वैधव्यातल्या बाईला विसाव्याची शांतता कुणी देऊ केली नव्हती. तरी एक गोष्ट उरते. त्या घरघरीच्या पलीकडून त्यांचा आवाज कुणीतरी ऐकला. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्या ओव्या ऐकता ऐकता कागदावर उतरवल्या. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. जळगावचे विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. घरात रोज कानावर पडणाऱ्या आईच्या आवाजाला सरावून सोपानदेवांनी कान मिटले असते, तर मराठीत एक जागा रिकामी राहिली असती आणि ती रिकामी आहे हे कुणाला कळलेही नसते.

तापीच्या काठाने आणखी वर गेले की मुक्ताईनगर लागते. लोक अजून त्याला जुन्या नावाने एदलाबाद म्हणतात. जवळ कोथळीला मुक्ताबाईंचे जुने देऊळ आहे आणि तापीवर मेहूण. तिथे शके 1219 मध्ये, म्हणजे 1297 साली, विजेच्या कडकडाटात त्या अंतर्धान पावल्या, असे वारकरी मानतात. वय अवघे अठराच्या आसपास. दर वर्षी त्यांची पालखी इथून निघते आणि महिनाभर चालत पंढरपूर गाठते.

मुक्ताबाईंच्या नावावर असलेल्या ताटीच्या अभंगांमागची कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीत शिरले आणि त्यांनी ताटी लावून घेतली. त्यांना जगाचा आवाज नको झाला होता. धाकटी बहीण बाहेर उभी राहिली आणि बंद ताटीशी बोलत राहिली. तिने समजावले, आळवले, थोडे खडसावले. अखेर ताटी उघडली.

या कथेचा अर्थ बहुतेक वेळा क्षमेच्या बाजूने लावला जातो, आणि तो बरोबरच आहे. पण ताटी या वस्तूकडे जरा निरखून पाहावे. ताटी म्हणजे लाकडी फळ्यांचे, अडसर घातलेले दार नव्हे. बांबूच्या कामट्या, काटक्या, गवत यांनी विणलेला तो पडदा. ऊन अडते, नजर अडते, वारा मात्र गाळून आत येतो. याच गुणामुळे वाळ्याच्या ताट्या उन्हाळ्यात दारांना लावत, आणि कुलरच्या तिन्ही बाजूंना अजूनही त्याच असतात. ज्ञानेश्वरांनी लावून घेतली ती ताटी होती, म्हणून मुक्ताबाईंचे बोलणे आत पोचले. त्यांना एकांत हवा होता आणि तो त्यांना मिळाला. तरी बाहेर उभ्या असलेल्या एका माणसाचा आवाज त्या एकांतात शिरू शकत होता. कोण जाणे, दगडी भिंत असती तर त्या प्रसंगाचे पुढे काय झाले असते.

हेडफोन बनवणाऱ्यांनाही ही गरज उमगली आहे. आता बहुतेक चांगल्या हेडफोनमध्ये दुसरे एक बटण असते. ते दाबले की तेच मायक्रोफोन बाहेरचा आवाज पकडून, न पुसता, आत सोडतात. काही यंत्रे माणसाचे बोलणे ओळखून तेवढेच आत घेतात. भिंत सैल करून तिची ताटी करण्याचाच हा प्रयत्न म्हणायचा. पण कुणाची हाक आत यावी हे चिपला ठरवता येत नाही. तिच्या लेखी आजी, दारावरचा भंगारवाला आणि टीव्हीवरचा निवेदक हे तिघेही माणसाच्याच आवाजात बोलतात. ती निवड घरातच करावी लागते, आणि घरे ती करू लागली आहेत. कुठे दिव्याचे बटण दोनदा दाबायचे ठरते, कुठे खांद्यावर हात ठेवायचा. कुठे जेवायला बसताना हेडफोन फ्रिजवर ठेवायचा नियम असतो, कुठे एक कान कायम मोकळा.

देवपुरातल्या खोलीत पहाटे साडेचारला वीज जाते. कुलरचा पंखा दोन-तीन गिरक्या घेऊन थांबतो. मुलगा टेबलावर डोके ठेवून झोपला आहे, हेडफोन अजून कानांवर, पाऊस संपलेला. आजी उठलेली असते. ती अंधारात चाचपडत येते, दाराशी थबकते, सवयीने भिंतीवरच्या बटणाकडे हात नेते आणि वीज नाही हे आठवून तो मागे घेते. मग जवळ येऊन दोन्ही हातांनी हेडफोन अलगद काढते आणि पुस्तकावर ठेवते. तिने नाव घेण्याआधीच मुलगा विचारतो, "काय गं आजी, बोलावलं का?"